बापाच्या नावाचा रकाना

आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. अब्बांचा जनाजा मी दाराआडून वळणापर्यंत जाताना पाहिला, तेवढाच. आणि तरी इंग्लंडमधल्या एका खेड्यातली जवळजवळ सगळी माणसं मी माझ्या हाताने पुरली आहेत. आखातातल्या रास अल खैमाच्या फ्री झोनमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, एसीत, अंगावर शाल घेऊन.

आमचं काम नेमकं काय, हे घरात कुणाला धड कळलं नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी नात अजून विचारते, "दादी, बट दे वेअर ऑल डेड. सो हू वॉज द कस्टमर?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी धंदा समजावून सांगते.

इंग्लंडमध्ये प्रत्येक खेड्याला एक चर्च. त्याच्या हद्दीत जेवढा मुलूख येतो तो पॅरिश. त्या हद्दीत जन्मलेल्या पोराचा बाप्तिस्मा, जुळलेलं लग्न आणि मेलेलं माणूस, सगळं तिथल्या पाद्र्याने वहीत लिहायचं. आमच्या जमातीत निकाहाची वही असते ना, तसंच. फक्त त्यांच्या वह्या शेकडो वर्षांच्या. आता तिकडच्या लोकांना आपले पूर्वज कॉम्प्युटरवर शोधायचे असतात. वह्यांचे फोटो तिकडे काढतात आणि टाइप करायला आमच्याकडे पाठवतात. रत्नागिरीच्या मराठी शाळेत शिकलेली मी, रझिया परकार, शारजातल्या रोल्लाहून रोज कंपनीच्या गाडीने तासभर प्रवास करून जायचे आणि गोऱ्या पाद्र्यांची अक्षरं लावत बसायचे.

एकच पान दोघी जणी टाइप करतात. दोघी वेगळ्या खोल्यांत बसतात. एकीने काय टाइप केलं ते दुसरीला दिसत नाही. मग मशीन दोन्ही ताडून बघतं. फरक पडला की लाल खूण, आणि सगळ्या लाल खुणा माझ्याकडे. मी मूळ पान मोठं करून बघायचे आणि निकाल द्यायचे. मला ऑफिसात 'तिसरी' म्हणत. दोघींचं जिथे जुळलं ते माझ्याकडे यायचंच नाही, मशीनच्या लेखी ते खरं. आणि तिसरीने जे टाइप केलं ते तपासायला चौथी कुणी नव्हती. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील.

नव्या मुलीला पहिल्या दिवशी मी एकच वाक्य सांगायचे: दिसतं ते टाइप कर, कळतं ते नाही. रकाना कोरा असला तर कोरा ठेवायचा. पाद्र्याने पोराचं नाव चुकवलं असलं तरी तसंच ठेवायचं. आपण शहाणपण दाखवायला बसलेलो नाही. या वाक्याचा मला अभिमान होता आणि आज त्याचीच गोष्ट सांगायला बसले आहे.

या कामात माणूस हळूहळू त्या गावचा होऊन जातो. एका पाद्र्याचं अक्षर मला घरच्या माणसाच्या अक्षरासारखं ओळखू यायचं. वर्षानुवर्षं तेच टपोरं अक्षर. मग त्याचा हात कापायला लागला, ओळी उजवीकडे घसरायला लागल्या. एका पानावर अचानक दुसऱ्या कुणाचं बारीक अक्षर सुरू झालं, आणि त्या बारीक अक्षरातल्या पहिल्याच ओळीत पुरलेला माणूस तोच पाद्री होता. त्या दिवशी मी डबा न उघडताच परत आणला. मुलाने विचारलं, "अम्मी, तब्येत बरी नाही का?" त्याला काय सांगणार, की दोनशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज आज वारला?

आता सुनंदाविषयी. पाटण तालुक्यातली, पस्तिशीची. नवरा रास अल खैमातच टाइल्सच्या कारखान्यात होता. पाठ गेली म्हणून गावी परतला. ही मागे राहिली ती मुलीसाठी. सई तेव्हा दहावीत होती. दोघींचा व्हिसा सुनंदाच्या नोकरीवर. नोकरी गेली की व्हिसा खलास आणि पोरीची दहावी अर्धवट, हे तिला रोज सकाळी उठल्याबरोबर आठवत असणार. कामात ती कधी चुकायची नाही.

तिची एकच खोड होती. दफनाची वही असली की संध्याकाळी निघण्याआधी ती वॉशरूममध्ये जाऊन पाय धुवायची. "मयतीवरून तसंच घरात कसं शिरायचं, आपा? घरात पोरगी हाय." चपला टेबलाखाली असायच्या, त्यामुळे ओल्या पायांनी परत यायची आणि करड्या कार्पेटवर वॉशरूमपासून तिच्या खुर्चीपर्यंत पावलं उमटायची. सफाईचा बिलाल रोज माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन यायचा. मी हसण्यावारी न्यायचे. पण दफनाच्या वहीच्या दिवशी मीही नमाजाआधीचा वुझू, ते हातपाय धुणं, जरा सावकाशच करायचे.

त्या खेड्याचं काम एका म्हाताऱ्याने दिलं. पत्राखाली सही असायची, ई. टी. गॅरड. निवृत्त हेडमास्तर, ऐंशीच्या पुढचा. आपल्या गावाचा आणि पॅरिशचा इतिहास लिहीत होता. मुलगी दुबईत शिक्षिका, म्हणून हिवाळ्यात इकडे येऊन राहायचा. त्याचं गाव मी कधी पाहिलं नाही, पण डोळे मिटून फिरू शकते. एक चर्च, एक पाणचक्की, तिच्यामागे तळं, तीन गल्ल्या आणि सात-आठ आडनावं. त्यात गॅरड म्हणजे आपल्या कोकणातले खोतच समजा. जमीन त्यांची, पाणचक्की त्यांची, चर्चमधली मानकऱ्याची खुर्चीही पिढ्यान् पिढ्या त्यांचीच. दर पानाखाली मानकरी म्हणून एका गॅरडची सही.

आमच्या धंद्यात जोडी कधीही एका मुलखाची बसवायची नसते. सुनंदाबरोबर नेहमी ग्रेस असायची, फिलिपिन्सची. एका मुलखाच्या दोघी एकच चूक करतात, आणि दोघींनी एकच चूक केली की ती चूक राहत नाही. त्या आठवड्यात ग्रेस रजेवर होती. काम अडलं होतं, म्हणून मी तिच्या जागी मुंब्र्याच्या नसीमला बसवलं. ही माझी चूक, सुनंदाची नव्हे, हे आत्ताच लिहून ठेवते.

वही पाठवली, आणि तीन आठवड्यांनी म्हाताऱ्याचा मेल आला. पान नंबर, ओळ नंबर आणि खाली एकच वाक्य: हे तुम्हाला कुणी सांगितलं?

मी पान उघडलं. बाप्तिस्म्याची वही. मुलाचं नाव, थॉमस गॅरड. आईचं नाव ॲन, आडनाव पेल. पुढे पाद्र्याचा शेरा, अविवाहित. समासात लिहिलेलं, वय चार. बापाच्या नावाचा रकाना कोरा होता. अगदी कोराही नाही. पाद्र्याने तिथे लेखणी टेकवून उचलली होती, शाईचा एक टिपका होता. आणि आम्ही पाठवलेल्या यादीत त्या रकान्यात लिहिलं होतं, गॅरड. दोघींनीही. लाल खूण नाही, म्हणून ते माझ्या नजरेखालून गेलंच नव्हतं.

मॅनेजर नायर तापला. "रझिया, दोनों ने साथ बैठ के किया है. कॉपी है ये. नहीं तो खाली जगह पर सेम टू सेम नाम कैसे आएगा? एक को जाना पड़ेगा." एक म्हणजे कोण, हे उघड होतं. नसीम जुनी होती.

मी दोघींना वेगवेगळं बोलावलं. नसीम म्हणाली, "आपा, थॉमस गॅरड पेल. पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव. इसमें पूछने जैसा क्या है?" सुनंदा रडकुंडीला आली होती. ती म्हणाली, "पहिलीपासनं शाळेच्या फॉर्मवर तसंच लिहितोय की आपण. मधलं नाव बापाचंच असतं ना?"

मला हसू फुटलं. इंग्रजांत मधलं नाव कुणाचंही असतं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलं होतं. पण हात कुठे ऐकतो? माझं नाव रझिया इब्राहीम परकार, आणि तिथे मी असते तर मीही तेच टाइप केलं असतं. मग माझं हसू हळूहळू विरलं. त्या रकान्यात बाप लिहायची मुभा नव्हती. त्या आईने बापाचं आडनाव पोराच्या नावात, मधोमध घालून ठेवलं होतं. पाद्र्याने ते मुकाट्याने लिहून घेतलं. इतक्या वर्षांत किती इंग्रजांनी ती ओळ वाचली असेल. तिने जे लिहिलं ते सरळ वाचलं आमच्या दोघींनी.

तेव्हा मी दफनाची वही उघडायला नको होती. उघडली. दोन महिन्यांनंतरच्या पानावर ॲन पेल होती. तिच्या खालची ओळ: पाणचक्कीच्या तळ्यात सापडलेला मुलगा, वय चारच्या सुमारास. नावाचा रकाना कोरा. तीन गल्ल्यांच्या गावात चार वर्षांचं पोर कुणाचं, हे कुणालाच ठाऊक नाही? पानाखाली मानकऱ्याची सही होती, ठसठशीत.

डिसेंबरात म्हातारा स्वतः आला. त्या सकाळी एवढं धुकं होतं की फ्री झोनच्या मागचे डोंगर तर सोडाच, समोरचं पार्किंगही दिसत नव्हतं. काठी टेकत आला, कोट न काढता बसला. नायरला त्याने बाहेर थांबायला सांगितलं. "ज्यांनी टाइप केलं त्यांच्याशी बोलायचं आहे." नोकरी तिची जायची होती, म्हणून मी सुनंदालाच आत घेतलं.

"हे तुला कुणी सांगितलं?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"नोबडी टेल, सर," सुनंदा म्हणाली. "मिडल नेम, फादर नेम."

मी त्याला आमची नावाची रीत समजावली. माझं नाव कागदावर लिहून दाखवलं, सुनंदाचं दाखवलं. त्याने दोन्ही नावांतल्या मधल्या शब्दावर बोट ठेवून पाहिलं. मग जे बोलला ते आम्हा दोन परक्या बायकांना सांगण्यासारखं नव्हतं. बहुतेक गावात कुणाला सांगता येत नव्हतं म्हणूनच तो आमच्याशी बोलला.

त्याच्या गावात लहान मुलांना एक गोष्ट शिकवतात. तिन्हीसांजेला तळ्याकडून जाताना मागून एक पोर विचारतं. त्याने ते शब्द हळूच उच्चारले, "हूज ॲम आय?" मागे बघायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, सरळ घरी यायचं. त्याला त्याच्या आजीने शिकवलं, तिला तिच्या.

मला ते सुनंदासाठी मराठीत सांगावं लागलं नाही. "मी कुणाचा," ती पुटपुटली.

आमच्या गावात कुठलीही म्हातारी रस्त्यात पोराला अडवून विचारते, "कुणाची गो तू?" लहानपणी मी हजारदा न थांबता उत्तर दिलं असेल, "इब्राहीमची." आमच्याकडे मोठी माणसं पोराला विचारतात. तिथे पोर विचारत होतं आणि मोठी माणसं पाय उचलून घरी जात होती.

"दोनशे वर्षांत कुणी उत्तर दिलं नाही," गॅरड म्हणाला. "तुम्ही दिलंत." मग जरा ओशाळून म्हणाला, "माझा एक कुत्रा आहे. तळ्याशेजारून जायचंच नाही, साखळी ओढून लांबून वळसा घ्यायचा. तुमची यादी आली त्या आठवड्यापासून तळ्याच्या काठावर जाऊन बसतो. पाण्याकडे बघून शेपूट हलवतो."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. जिनांवर ठेवावा लागतो, तेवढंच मला पुरतं. पण त्या खोलीत तेव्हा एसीचा आवाजही मला नकोसा झाला.

पुढचं त्याने हेडमास्तरासारखं सांगितलं. रकाना मुळात कोरा आहे, तो कोराच हवा. नाव काढा. तो नायरला लिहून देईल की ही प्रामाणिक चूक आहे, कॉपी नाही, कुणालाही काढू नये. माझाच नियम तो मला सांगत होता: दिसतं ते टाइप कर. एका बाजूला सईची दहावी, दुसऱ्या बाजूला दोनशे वर्षांपूर्वीचं पोर. मी लगेच "येस सर" म्हटलं. यात विचार करण्यासारखं काय होतं?

दुरुस्तीचा कागद त्याच्यापुढे ठेवला तेव्हा सुनंदाने विचारलं. तिला राहवेना. "सर, ई. टी. गॅरड. टी फॉर?"

"थॉमस."

"फादर नेम?"

"नाही," तो म्हणाला. "माझ्या वडिलांचंही मधलं नाव थॉमस. आजोबांचंही. आमच्यात थोरल्या मुलाला ते ठेवतातच. का, ते कुणी..."

सुनंदाने खाली बघितलं. म्हाताऱ्याने पेन उचललं आणि पहिल्यांदाच पूर्ण नावाने सही केली. ओळ उजवीकडे घसरली. जाताना त्याने आम्हा दोघींशी हात मिळवला.

त्याच दुपारी मी रकाना उघडून नाव काढलं. सहा अक्षरं, एक बटण. सुनंदाची नोकरी वाचली, नायर निवळला, "चलो, खलास" म्हणाला. मला मात्र घरी जाईपर्यंत कुणाला तरी रस्त्यात सोडून आल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सुनंदा सईच्या शाळेत मीटिंगला गेली होती. ऑफिस मी उघडलं. दिवा लावला आणि करड्या कार्पेटवर ओली पावलं दिसली. वॉशरूमपासून निघालेली. सुनंदाच्या खुर्चीकडे गेली नव्हती, माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबली होती. परत गेलेली नव्हती. मी वाकून हात ठेवून बघितलं. पाऊल माझ्या वितीपेक्षा बरंच लहान होतं.

बिलाल म्हणाला, "मॅडम, एसी का पानी है. ऊपर से टपकता है." मी म्हटलं, हो, तेच असणार. त्याने पुसलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पुसलं. एसीवाला येऊन बघून गेला, म्हणाला सगळं कोरडं आहे. चौथ्या दिवशी सुनंदा माझ्याबरोबरच आत शिरली, आणि दारातच थांबली.

"आपा, तुम्ही नाव पुसलंत ना?"

"सरांनी सांगितलं म्हणून."

"मग ते आता तुम्हाला विचारतंय."

ती तिच्या जागेवर गेली. मी ती पावलं ओलांडून, पाय न लावता माझ्या खुर्चीत बसले. फाइल संध्याकाळी कायमची बंद होणार होती. दफनाच्या वहीतली ती ओळ उघडली. शेवटी एक रकाना असतो, शेऱ्याचा. पान फाटलं, शाई सांडली, असलं काही लिहायला. इतक्या वर्षांत न दिसलेलं एकही अक्षर मी टाइप केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. इंग्रजीत, पण मनातून मराठीतच निघालं: थॉमस. गॅरडांचा.

माझ्यावर चौथी कुणी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्पेट कोरडं होतं आणि मी निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी कोरडंच असायचं. सई दहावी पास झाली. सुनंदा अजून पाय धुते, बिलाल अजून कुरकुरतो.

नाव पुसताना मी एकदाही थांबले नाही, याची मात्र मला अजून लाज वाटते. तीन दिवस ते पोर माझ्या खुर्चीपाशी उभं होतं आणि मी एसीला दोष देत होते.

मागच्या महिन्यात पोस्टाने एक जाड पुस्तक आलं. म्हाताऱ्याच्या मुलीने पाठवलेलं. वडील उन्हाळ्यात गेले, पुस्तक छापून झालेलं त्यांनी पाहिलं, असं आत लिहिलं होतं. शेवटी दफनांची पूर्ण यादी होती. तो माणूस एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी मेल करायचा. यादीची ओळन् ओळ त्याने तपासली असणार. मी चष्मा लावून पान शोधलं. ॲन पेल. तिच्या खाली ती ओळ, आणि ओळीच्या शेवटी माझे शब्द. त्याने ते काढले नव्हते.

मी ती ओळ मोठ्याने वाचली. आतल्या खोलीतून नात ओरडली, "दादी, हू इज इट?"

"गॅरडांचा थॉमस," मी म्हटलं.